व्हिडिओ कॉलवर टाळ का जुळत नाहीत?

प्रश्न : आमच्या गावात एक लहानसं भजनी मंडळ आहे. निम्मी मंडळी कामधंद्यानिमित्त बाहेर असतात. कुणी बोईसरला, कुणी मुंबईत, एक जण दुबईत, एक न्यू जर्सीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागतात, गावातली माणसं मोकळी असतात. म्हणून यंदा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकत्र भजन करायचं ठरवलं. बोलणं छान होतं. पण गायला लागलो की टाळ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. पेटी तर मधेच गायब होते. दुबईवाला कॉलमध्ये येतच नाही. शेजारचा मुलगा म्हणतो, फाइव्ह-जी घ्या आणि चांगलं ॲप घ्या. कुठलं घ्यावं?
— एक वाचक, वरोर (ता. डहाणू)

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. टाळ का जुळत नाहीत, पेटी कुठे जाते, दुबईवाला का येत नाही आणि ॲप कुठलं घ्यावं. यातला ॲपचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो शेवटी घेऊ.

शेजारच्या मुलाचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वेगळ्या अडचणीवरचा आहे. चित्र गोठणं, चेहऱ्यांचे ठोकळे होणं, शब्द तुटणं हे प्रकार नेटवर्क सुधारलं की कमी होतात. टाळ न जुळणं मात्र कमी होत नाही. नेटवर्क उत्तम असतानाही आवाज पोचायला जो थोडा उशीर लागतो, तो त्यामागे आहे.

हा उशीर कसा साठत जातो ते पाहा. तुमच्या फोनचा माइक आवाज टिपतो. ॲप त्याचे बारीक तुकडे करतं, एकेक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. प्रत्येक तुकडा दाबून लहान केला जातो, टॉवरवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून बाकीच्या प्रत्येकाकडे. वाटेत काही तुकडे वेळेवर पोचतात, काही रेंगाळतात. आला तुकडा की वाजव, असं केलं तर आवाज अडखळत येईल. म्हणून पलीकडचा फोन थोडे तुकडे साठवून ठेवतो आणि मग सलग वाजवतो. त्यातून कुणी ब्लूटूथचे इअरफोन लावले असतील तर शंभर-दीडशे मिलिसेकंदांची आणखी भर पडते. सगळं मिळून चांगल्या कॉलमध्येही तुमचा आवाज पलीकडे पोचायला शंभर ते दोनशे मिलिसेकंद सहज लागतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा उशीर अंतरामुळे होतो, असं पुष्कळांना वाटतं. गावातल्या गावात तसं अजिबात नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. वरोर ते मुंबई सव्वाशे किलोमीटर धरले, तर त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. उशीर होतो तो आवाज दाबण्यात, साठवण्यात, उलगडण्यात आणि टॉवरपाशी रांगेत थांबण्यात. म्हणून बोईसरचा टाळकरी आणि मुंबईचा टाळकरी जवळपास सारखेच मागे पडतात. एकाच आळीतली दोन घरं अशा कॉलवर जोडली, तरी त्यांचा आवाज सर्व्हरला वळसा घालूनच येतो. न्यू जर्सीचं प्रकरण निराळं आहे. ती सुमारे साडेबारा हजार किलोमीटरची वाट आहे, आणि केबल समुद्रातून सरळ रेषेत जात नाही. तिथे कमीत कमी साठ-सत्तर मिलिसेकंद नुसते प्रवासातच जातात. ते कुठल्याही फाइव्ह-जीने वाचत नाहीत.

मग बोलताना हा उशीर का जाणवत नाही? कारण आपण आळीपाळीने बोलतो. एक थांबला की दुसरा सुरू करतो, आणि मधली छोटी फट मनाला खटकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला, तर संभाषण सुखाने चालतं. गाण्यात मात्र दोघांनी एकाच क्षणी टाळ वाजवायचा असतो. तिथे पंचवीस-तीस मिलिसेकंदांपलीकडे गेलं की गडबड सुरू होते.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पखवाज देवळात आणि टाळकरी चौतीस मीटर लांब रस्त्यावर. दोनशे मिलिसेकंद झाले की तो अडुसष्ट मीटरवर गेला. आता पुढचं पाहा. बुवा ओळ म्हणतात, ती टाळकऱ्यांना दोनशे मिलिसेकंदांनी ऐकू येते. टाळकरी त्यांच्या कानाला आलेल्या ठेक्यावर अगदी बरोबर टाळ मारतात, पण तो टाळ परत बुवांपर्यंत जायला आणखी दोनशे लागतात. बुवांच्या कानाला टाळ चारशे मिलिसेकंद मागे. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची. टाळ जवळजवळ अख्खी मात्रा मागे पडला! टाळकरी मागे पडताहेत असं वाटून बुवा लय थोडी सोडतात, ती सुटलेली लय टाळकऱ्यांना उशिरा पोचते, ते आणखी सोडतात. पाच मिनिटांत भजन रेंगाळून थांबतं, आणि मग दोन्हीकडचे एकमेकांना बोल लावतात. खरं तर आपापल्या जागी दोघंही तालात असतात.

आता पेटीचं. कॉलची ॲप माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली आहेत. पंखा, मिक्सर, पावसाची झोड असा सतत एकसारखा येणारा आवाज त्यांच्या लेखी नको असलेला असतो, आणि तो ती गाळून टाकतात. पेटीचा धरलेला सूर किंवा तंबोरा त्यांना पंख्यासारखाच वाटतो. सूर सुरू झाला की क्षणभर ऐकू येतो, मग ॲप ‘ओळखतं’ आणि पुसून टाकतं. टाळांचा झणत्कारही याच कात्रीत सापडतो. (तंबोऱ्याला पंखा समजणारं यंत्र पाहिल्यावर बुवांनी काय उद्गार काढले असतील, याची कल्पना आहे.)

त्यात आणखी एका सोयीची अडचण होते. फोनच्या स्पीकरमधून येणारा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमू नये म्हणून ॲप तो वजा करतं. दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला की या वजाबाकीत खरा आवाजही कापला जातो. शिवाय पुष्कळ सेवांमध्ये सर्व्हर एका वेळी सर्वांत मोठे असे मोजकेच आवाज पुढे पाठवतो. दहा जण एकदम गायले, तर त्यातले सात ऐकूच येत नाहीत. हाही बिघाड नाही, बैठकीत गोंगाट होऊ नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

पेटीवर इलाज आहे. झूममध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ असा पर्याय मिळतो. तो सुरू केला की गाळणी बंद होते आणि पेटी जशी आहे तशी जाते. मात्र मग पंखाही जातो आणि बाहेरची कोंबडीही. ज्याच्याकडे पेटी आहे त्यानेच तो सुरू करावा, आणि हेडफोन लावावेत, नाहीतर आवाज घुमेल.

टाळांवर तसा सोपा इलाज नाही. या कामासाठी खास तयार केलेल्या प्रणाली आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली जॅकट्रिप हे त्यातलं एक जुनं नाव, जॅम्युलस हे दुसरं. त्या आवाज फारसा साठवून ठेवत नाहीत. पण त्यांना संगणक, तारेने जोडलेलं इंटरनेट आणि तारेचे हेडफोन लागतात. वरोर ते मुंबई हे त्यावर जमू शकेल, न्यू जर्सी नाही. मंडळातल्या प्रत्येकाला हे सगळं आणायला लावण्याआधी दहादा विचार करा, असं माझं मत आहे.

दुसरी वाट आहे ती आधी वेगवेगळं गाऊन नंतर जोडण्याची. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० साली १२ देशांतल्या १८५ आवाजांचं समूहगान इंटरनेटवर ऐकवलं, तेव्हा लोकांना वाटलं की हे सगळे एकाच वेळी गात आहेत. तसं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरी एकट्याने गाऊन ध्वनिचित्रफीत पाठवली होती, आणि मग त्या एकमेकींवर बसवल्या गेल्या. टाळेबंदीच्या काळात आपल्याकडे चौकटी-चौकटींतली जी गाणी फिरत होती, तीही अशीच बनत होती. ती पाहून ‘त्यांना जमतं, मग आम्हाला का नाही’ असं वाटणं साहजिक आहे. त्यांनाही जमलेलं नव्हतं.

तिसरी वाट तुम्हाला आजच घेता येईल. एका ठिकाणी, समजा गावातल्या देवळात, बुवा, पेटी, पखवाज आणि हाताशी असतील तेवढे टाळकरी एकत्र बसवा. तिथला एकच फोन चालू. बाहेरगावच्या प्रत्येकाने आपला माइक बंद ठेवून घरी मोकळ्या गळ्याने साथ द्यायची. त्याच्या कानाला ते भजन पूर्ण तालात ऐकू येतं, कारण तो फक्त एकाच दिशेने ऐकतो आहे. देवळातल्यांना त्याचा आवाज येत नाही, एवढीच किंमत. मग एक अभंग संपला की माइकचा मान दुसऱ्याकडे. दुबईवाल्याने एक गवळण म्हणावी, बाकीच्यांनी माइक बंद करून साथ द्यावी.

तळकोकणात आणि मुंबईत डबलबारी रंगते ती अशीच. एक बुवा आपली बारी पुरी करतो, तेवढा वेळ दुसरा ऐकत बसतो आणि मग आपल्या बारीत त्याला उत्तर देतो. दोघं एकदम गात नाहीत. म्हणजे व्हिडिओ कॉलला मानवेल असा भजनप्रकार आपल्याकडे आधीपासूनच आहे.

हे भजनापुरतंच नाही. आवडीच्या विषयाचा ऑनलाइन गट चालेल की नाही हे बहुधा ॲपवर ठरत नाही, तो विषय आळीपाळीने करता येतो की नाही यावर ठरतं. वाचन, बुद्धिबळाच्या डावांची चर्चा, पाककृती, आकाशनिरीक्षणाची माहिती हे सगळं छान चालतं. समूहगान, लेझीम, एकत्र ढोल हे चालत नाही. तुमच्याच भागातलं उदाहरण घ्यायचं तर चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरण्याचं काम घरोघर चालत आलं आहे. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, आणि मग तिच्यावर पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवायचा. हे काम बोलून शिकवता येत नाही, हात दिसावा लागतो. तिथे व्हिडिओ गटाचा खरा उपयोग आहे. एक कारागीर कोरतो, दहा जण पाहतात, मधेच विचारतात.

त्यासाठी एक युक्ती. दोन फोन घ्या. एक चेहऱ्यासमोर, त्यावर बोलणं. दुसरा स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर हातांच्या वर आडवा, मागच्या कॅमेऱ्याने, कारण पुढच्या कॅमेऱ्यापेक्षा तो जवळचं बरंच स्पष्ट टिपतो. दोन्ही फोन त्याच कॉलमध्ये वेगवेगळ्या नावांनी जोडा. मात्र दुसऱ्या फोनचा माइक बंद आणि आवाजही पूर्ण शून्यावर. नुसता माइक बंद केला आणि स्पीकर चालू राहिला, तर पहिल्या फोनचा माइक तो आवाज पकडतो, तो सर्व्हरवरून पुन्हा दुसऱ्यातून बाहेर पडतो आणि क्षणात कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. एका खोलीत बसून तिघांनी आपापल्या फोनवरून कॉल लावला की जे होतं, तेही हेच.

घोलवड-बोर्डीकडच्या चिकूबागायतदारांसारखा गट असेल, तर उलट सल्ला. पानावरचे डाग किंवा फळातली अळी व्हिडिओत दाखवू नका. व्हिडिओ पाठवताना चित्र इतकं दाबलं जातं की बारीक तपशील आधी पुसले जातात. फोटो काढून गटावर आधी पाठवा आणि कॉलमध्ये त्यावर बोला.

आता दुबई. तिथल्या सदस्याचा फोन ठीक आहे आणि त्याचं तुमच्यावर प्रेमही आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश आणि फोटो जातात, पण व्हॉट्सॲपचे कॉल तिथल्या दूरसंचार नियमांमुळे चालत नाहीत. झूम किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारख्या सेवा तिथे चालतात. तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यांनीच झूमवर जाणं सोपं. कुणीतरी त्याला व्हीपीएन लावून व्हॉट्सॲप कॉल करायला सांगेल. ते त्याने ऐकू नये, कारण बंद असलेल्या सेवेसाठी व्हीपीएन वापरणं तिथे कायद्याच्या अडचणीचं आहे.

उरलं ॲप. व्हॉट्सॲपच्या गट-कॉलमध्ये ३२ जण येऊ शकतात आणि वेळेची मर्यादा नाही, पण तुमच्याकडे दुबईचा अडसर आहे. गूगल मीटवर फुकटात १०० जण, पण तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटांनी कॉल संपतो. झूमवर फुकटात १०० जण आणि ४० मिनिटं. खातं फक्त कॉल सुरू करणाऱ्याला लागतं, बाकीच्यांना लिंक पुरे. जित्सी मीट हे खुल्या पद्धतीचं सॉफ्टवेअर आहे, तिथेही कॉल सुरू करणाऱ्या एकाला लॉगिन करावं लागतं. तुमच्या मंडळाला मी झूम सुचवेन, कारण पेटीची गाळणी तिथे बंद करता येते आणि दुबई जोडता येते. चाळीस मिनिटं संपली की चहा घ्या आणि दुसरा कॉल सुरू करा. भजनात तेवढी विश्रांती असतेच.

डेटाची काळजी बरेच जण उलट्या बाजूने करतात. गट मोठा झाला की आपल्या फोनला प्रत्येकाकडे वेगळं चित्र पाठवावं लागतं, असा समज आहे. अशा सेवांवर तुमचा फोन आपलं चित्र सर्व्हरकडे पाठवतो आणि वाटपाचं काम सर्व्हर करतो. येणारी चित्रं मात्र अनेक असतात. म्हणून जुना फोन तापतो तो दुसऱ्यांचे चेहरे उलगडताना. सगळ्यांच्या चौकटी न पाहता फक्त बोलणाऱ्याचा चेहरा पाहिलात, तर फोन आणि डेटा दोन्ही हलके राहतात. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तासाभरात सुमारे ४५० एमबी खर्च होतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये एक तासाचं भजन आरामात बसेल.

लिंक फक्त मंडळाच्या गटावर टाका, फेसबुकवर नको. २०२० साली झूमच्या उघड्या लिंका शोधून अनोळखी लोक भलत्यासलत्या चित्रांसह बैठकांत घुसत होते, आणि त्या एप्रिलमध्ये आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयालाही त्याबद्दल सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून ‘वेटिंग रूम’ची सोय बहुतेक वेळा चालूच असते, ती बंद करू नका. ओळखीचं नाव दिसलं की आत घ्या. कुणी कॉलमध्ये येऊन तुमची स्क्रीन दाखवायला सांगितली तर दाखवू नका. स्क्रीन उघडी असताना आलेला ओटीपी सगळ्यांना दिसतो.

आणि मंडळाची यादी कुठल्या एका ॲपच्या भरवशावर ठेवू नका. हाउसपार्टी टाळेबंदीत घरोघर पोचलं आणि २०२१ मध्ये बंद झालं. स्काइपसारखं स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. नावं आणि फोन क्रमांक वहीत लिहिलेले असू द्या.

शेवटी वेळ ठरवताना : रविवारी रात्री नऊला सुरू केलंत, तर दुबईत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपल्याकडे आणि दुबईत घड्याळ हलत नाही. म्हणून निरोप देताना ‘भारतीय वेळ रात्री ९’ असंच लिहा, आणि नोव्हेंबरच्या त्या पहिल्या रविवारच्या आधी न्यू जर्सीवाल्यांना एक आठवण करा. नाहीतर ते तासभर उशिरा येतील, आणि दोष पुन्हा ॲपवर जाईल.